पोर्चमध्ये भिंगरीचं घरटं : ठेवावं, थांबवावं की हलवावं?

मार्च उलटला, की बारामती आणि इंदापूरकडच्या वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. पोर्चच्या छताला कुणीतरी चिखल चिकटवतंय, खाली घाण पडते, काढून टाकू का? मोटारीच्या खोलीत पिल्लं आहेत आणि वायरमन उद्या येणार, काय करू? घरटं शुभ की अशुभ? गेल्या काही वर्षांत यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. अमेरिकेतल्या मुलाने किंवा पुतणीने उंच खांबावर टांगलेल्या पांढऱ्या भोपळ्यांचा व्हिडिओ पाठवलेला असतो. प्रत्येक भोपळ्यात निळसर काळे पक्षी ये-जा करताना दिसतात आणि ‘हे पक्षी डास खातात’ असं खाली लिहिलेलं असतं. मग विचारणा होते, की आपणही शेतावर दुधी वाळवून टांगले तर?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. व्हिडिओतला पक्षी परपल मार्टिन. तो उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत वीण घालतो आणि हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतो. भारतात तो येत नाही, त्यामुळे भोपळे टांगून तो मिळणार नाही. पण त्याच्याच कुळातल्या भिंगऱ्या तुमच्या दारात, नीरा डाव्या कालव्याच्या मोऱ्यांत आणि उजनीच्या फुगवट्याकाठी राहतात. त्यांना भोपळा नको असतो. ओला चिखल, खरबरीत भिंत आणि डोक्यावर छप्पर एवढं मिळालं, की पुढचं त्या स्वतः बघतात. शुभ-अशुभाचं म्हणाल, तर भिंगरीला तुमच्या घराच्या वास्तूशी काही देणंघेणं नसतं. चिखल वाळेपर्यंत पाऊस लागणार नाही आणि मांजराचा पंजा पोचणार नाही, एवढं पाहून ती जागा निवडते.

आधी नीट बघा, आहे कोण

घरटं कुणाचं आहे हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. पक्षी सतत उडत असतो, त्यामुळे त्याच्यापेक्षा घरट्याचा आकार पाहणं सोपं.

- मातीच्या गोळ्यांची, वर उघडी अर्धी वाटी. पाण्याजवळ, जोडी एकटीच. ही तारवाली भिंगरी. डोकं तांबूस, पाठ चकचकीत निळी, पोट पांढरंशुभ्र आणि शेपटीतून मागे निघालेल्या दोन बारीक तारा. मोरी, चारीवरचा छोटा पूल, विहिरीजवळची मोटारीची खोली ही तिची आवडती ठिकाणं.
- छताला सपाट चिकटलेलं, बंद, पुढे नळीसारखं लांब तोंड असलेलं मातीचं घरटं. ही लालबुडी भिंगरी. कमरेवर विटकरी पट्टा आणि छातीवर बारीक रेषा असतात. पोर्च, देवळाचा सभामंडप आणि शाळेचा व्हरांडा यांत जास्त करून हीच असते.
- पुलाच्या पोटाला घरट्याला घरटं खेटून बांधलेली अख्खी वसाहत. ही गळ्यावर रेषा असलेली लहान भिंगरी. एकेका वसाहतीत डझनांनी घरटी असतात. घरात ती सहसा येत नाही.
- उंच इमारतीच्या सज्जाखाली मातीची वाटी आणि पक्षी सगळाच धुरकट तपकिरी. ही कड्यांवर राहणारी भिंगरी. किल्ल्यांवर तुम्ही तिला पाहिलेलं असेल. आता तिला शहरातल्या चार मजली इमारतीही कड्यासारख्याच वाटतात.
- माती नाहीच. पिसं, गवत, कापूस लाळेने चिकटवून केलेला गबाळा ढीग. ही पाकोळी. दिसायला भिंगरीसारखी असली तरी कूळ वेगळं. ती तारेवर बसू शकत नाही, फक्त भिंतीला लटकते.

हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या शेकडो भिंगऱ्या पाहून पुष्कळांना वाटतं, की याच पुढे आपल्या घरात येणार. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या असतात. त्या इथे घरटं करत नाहीत आणि उन्हाळा लागताना परत जातात.

लालबुडीचं घरटं असेल तर आणखी एक गंमत लक्षात ठेवा. तयार घरटं बळकावायला चिमण्या टपलेल्या असतात, पाकोळ्याही असतात. तोंडातून गवताच्या काड्या किंवा पिसं लोंबताना दिसली, तर आतला भाडेकरू बदलला म्हणून समजा. पुढचे नियम मात्र त्यालाही तेच लागू.

ठेवायचं ठरवलं तर

ठेवा, असाच माझा कल आहे. पण किती दिवस आणि कसला त्रास, हे आधी माहीत असलेलं बरं.

भिंगरीची जोडी चोचीतून चिखलाच्या गोळ्या आणते. एका घरट्याला अशा शेकडो गोळ्या लागतात आणि एक थर वाळल्याशिवाय पुढचा थर चढत नाही. त्यामुळे बांधकामालाच एक ते तीन आठवडे जातात. मग तीन-चार अंडी. उबवायला सुमारे दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी तीन ते चार आठवडे. पिल्लं उडाली तरी काही रात्री झोपायला घरट्यातच परततात, म्हणून ‘गेली’ असं लगेच ठरवू नका. अंड्यापासून धरलं तर दीड महिन्याचा मामला आहे. वीण मार्च-एप्रिलपासून पावसाळा सरेपर्यंत चालते आणि तीच जोडी त्याच हंगामात त्याच घरट्यात दुसरी खेप घेऊ शकते. पुढच्या वर्षी जुनंच घरटं डागडुजी करून वापरण्याचीही शक्यता बरीच असते.

खरा त्रास विष्ठेचा. त्याला उपाय आहे :

- घरट्याच्या दोन-तीन फूट खाली, भिंतीला काटकोनात फूटभर रुंदीची फळी ठोका. वर जुनं वर्तमानपत्र किंवा पोतं पसरा आणि आठवड्याला बदला. फळी घरट्याच्या अगदी जवळ लावू नका, मांजराला तिचा पायरीसारखा उपयोग होतो. आणि घरट्यात अंडी असतील तर ठोकाठोक करू नका. तेवढे दिवस जमिनीवरच पोतं अंथरा.
- वाळलेली विष्ठा तशीच झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, मग खरवडा.
- पोर्चमध्ये छताचा पंखा असेल तर पिल्लं उडेपर्यंत बंद ठेवा. मांजरापेक्षाही हा पंखाच जास्त पक्षी मारतो, असं माझं मत आहे.
- गोडाऊन, दुकान किंवा मोटारीच्या खोलीत घरटं असेल आणि रात्री दार लागत असेल, तर वरच्या बाजूला हातभर लांब आणि चार बोटं उंच फट उघडी राहील असं बघा. सकाळी तुम्ही दहाला शटर उघडणार असाल, तर पिल्लं उजाडल्यापासून उपाशी असतात.
- मोबाइल घरट्याच्या तोंडाशी नेऊ नका, फ्लॅश तर नकोच. उडायला आठवडाभर असलेली पिल्लं दचकून वेळेआधी बाहेर पडतात आणि परत वर जाऊ शकत नाहीत.
- दाणे, भात, पाव ठेवू नका. भिंगरी उडता उडता पकडलेले किडेच खाते, दाण्याला चोच लावत नाही.

दोन ठिकाणी मात्र घरटं ठेवा असं मी सांगणार नाही. एक म्हणजे उघडा स्टार्टर, पॅनेल किंवा मीटर यांच्या थेट वरची जागा. तिथे माती आणि विष्ठा तारांवर पडते. दुसरी म्हणजे कोंबड्यांची शेड. बारामती परिसरात करारावर ब्रॉयलर पाळणारे पुष्कळ आहेत. जंगली पक्षी आणि कोंबड्या एका छपराखाली असू नयेत, हा रोगनियंत्रणाचा साधा नियम आहे. या दोन्ही जागा हंगामाआधी बारीक जाळीने बंद करून टाका.

नको असेल तर कधी थांबवायचं

घरात पक्षी नकोच, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याबद्दल संकोच नको. मात्र तो बजावायची वेळ घरटं सुरू होण्याआधीची. फेब्रुवारी संपायच्या आत हे करा :

- भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात गुळगुळीत पीव्हीसी पट्टी किंवा टाइल तिरकी बसवा. चिखल गुळगुळीत पृष्ठभागावर टिकत नाही.
- जाळी लावणार असाल तर ताणून, कडेला फट न ठेवता आणि बारीक भोकांची लावा. सैल नायलॉन जाळीत पक्षी अडकून मरतात. त्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं.
- पक्षी भिंतीला लटकून पाहणी करत असतील, पण चिखल लावलेला नसेल, तर दोन-चार दिवस तिथे सतत वावर ठेवा, दिवा लावा, कापडाच्या पट्ट्या सोडा. बहुतेक जोड्या दुसरी जागा बघतात.

चिकट सापळा, फटाके, वापरलेलं इंजिन ऑइल असले उपाय सुचवणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. ऐकू नका. ते क्रूर आहेत आणि गुन्ह्यातही बसतात.

घरटं पूर्ण झालं असेल तर अंडी आहेत का हे शिडी लावून बघायचा मोह आवरा. खालून पंधरा मिनिटं लक्ष ठेवलं तरी कळतं. पक्षी आत जाऊन बराच वेळ बसून राहत असेल तर अंडी आहेत. दर काही मिनिटांनी ये-जा होत असेल तर पिल्लं आहेत. दोन्ही बाबतींत उत्तर एकच : पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा.

घरटं हलवता येतं का?

हा प्रश्न गवंड्यांकडून फार येतो. मातीचं घरटं उचलून दुसऱ्या भिंतीला लावता येत नाही, ते हातातच फुटतं. आणि अख्खं निघालं तरी दहा-वीस फुटांवर लावलेल्या घरट्यात पालक पक्षी येत नाहीत. त्यांच्या लेखी घरटं म्हणजे ती नेमकी जागा. म्हणून ‘सांभाळून हलवलं’ असं कुणी सांगितलं, तर पिल्लं मेली असंच समजा.

रंगकाम, दुरुस्ती आणि शाळेची सुट्टी

आपल्याकडे घराला रंग लग्नसराईआधी देतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची डागडुजी मे महिन्याच्या सुट्टीत निघते. नेमके तेच दिवस लालबुडीच्या विणीचे. शाळा जूनच्या मध्यावर उघडण्याआधी व्हरांडा स्वच्छ करायचा म्हणून काठीने घरटी पाडली जातात आणि हे काम बऱ्याचदा मुलांनाच सांगितलं जातं. यात दुष्टपणा नसतो, वेळापत्रक चुकलेलं असतं.

व्हरांडा, पोर्च, सभामंडप यांची कामं नोव्हेंबर ते जानेवारी या काळात घ्या. तेव्हाही एकदा वर नजर टाकाच, कारण पाकोळ्या आणि वसाहतीने राहणाऱ्या भिंगऱ्या कॅलेंडर फारसं पाळत नाहीत. काम थांबवणं अशक्यच असेल, तर घरट्याभोवतीचा चार-पाच फुटांचा भाग शेवटी घ्या, परांची बांधताना पक्ष्यांच्या येण्याजाण्याची वाट मोकळी सोडा आणि दिवसाचं काम उन्हं उतरायच्या आत संपवा. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात एवढी एक ओळ घातली, तरी ठेकेदाराला सांगणं सोपं जातं.

कालव्यावरचे पूल आणि मोऱ्या

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा आहे, दक्षिणेला नीरा नदी आहे आणि मधून ब्रिटिश काळातला नीरा डावा कालवा जातो. पाणी, गाळ, चिलटांचे थवे आणि दगडी कमानी हे सगळं भिंगरीला एकाच पट्ट्यात मिळतं. भिगवण आणि कुंभारगावला लोक रोहित पक्षी बघायला गर्दी करतात. त्याच वाटेवरच्या पुलाखाली कुणी वाकून बघत नाही.

पुलांची दुरुस्ती, कालव्याची सफाई आणि अस्तरीकरण ही कामं आवर्तन बंद असताना निघतात. तुमच्या गावाजवळ असं काम निघालं आणि पुलाच्या पोटाला घरटी दिसली, तर :

- आधी तारीख दिसेल असे फोटो काढा. पूल ओळखू येईल असा एक आणि घरटी दिसतील असा एक.
- पूल कालव्यावरचा असेल तर जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला, रस्त्याचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला साधा अर्ज द्या. पोच घ्या. त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या.
- ‘काम बंद करा’ असं लिहू नका, ‘या कमानीचं काम शेवटी घ्या’ असं लिहा. असा अर्ज मान्य करणं अभियंत्यालाही शक्य असतं.
- पाणी सुटायच्या दिवसांत मोरीत स्वतः उतरू नका.

पिल्लू खाली पडलं तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि होतात त्या मायेपोटी.

अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड आणि डोळे टकटकीत असलेलं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं. त्याला उचलून जवळच्या उंच कठड्यावर ठेवा, मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि बाजूला व्हा. पालक येऊन भरवतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे.

उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटंच फुटून पडलं असेल तर नारळाची करवंटी किंवा प्लास्टिकची छोटी वाटी घ्या, तळाला पाणी निघून जाईल असं भोक पाडा, आत वाळकं गवत आणि पडलेल्या घरट्याची माती घाला आणि ती त्याच जागी, शक्य तितकी वर पक्की करा. मग निदान दोन तास लांबून बघा. जागा तीच राहिल्यामुळे पालक बहुधा स्वीकारतात.

दूध, दूध-पोळी, भिजवलेला पाव काहीही देऊ नका. चोचीत पाणीही सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पाकोळी जमिनीवर सापडली तर तिचे पाय इतके आखूड असतात, की सपाट जमिनीवरून तिला सहज उडता येत नाही. जखम नसेल तर उघड्या तळहातावर ठेवून हात उंच करा. ती स्वतः झेप घेईल. हवेत फेकू नका.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे. पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही त्यात येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या आणि देशातले बहुतांश पक्षी त्यांत आहेत. सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यवहारात याचा अर्थ असा :

- घर तुमचं असलं तरी त्यातलं चालू घरटं पाडायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. भाडेकरूला, रंगाऱ्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नाही. सोसायटीचा ठराव कायद्याच्या वर नाही.
- पिल्लू घरी वाढवणं हा बचाव नाही. जखमी पक्षी वन विभागाच्याच ताब्यात द्यायचा.
- जीविताला किंवा मालमत्तेला खरोखर धोका असेल, तर परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. फरशीवरची घाण हा धोका धरला जाईल, या भ्रमात राहू नका.

त्या याव्यात असं वाटत असेल तर

उन्हाळ्यात भिंगरीला सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे ओला चिखल. ठिबक आल्यापासून पाट आटले आणि अंगणात काँक्रीट आलं. हौदाशेजारी किंवा गोठ्याच्या सांडपाण्याजवळ परातीएवढी जागा मार्च ते जून ओली ठेवा, झुडपांपासून लांब, म्हणजे मांजर दबा धरणार नाही. पोर्चच्या एखाद्या कोपऱ्यात रंग न दिलेली खरबरीत फळी छताखाली वीतभर अंतरावर ठोका. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत फवारणी करावीच लागते हे मान्य, पण घरट्याच्या आसपासच्या कडेला तरी कीटकनाशकाचा हात आखडता घ्या. वाळलेला दुधी वाया घालवायचा नसेल तर सव्वा ते दीड इंचाचं भोक पाडून सावलीत टांगा. चिमणी येऊ शकते, भिंगरी येणार नाही.

डासांसाठी मात्र कुणावर विसंबू नका. परपल मार्टिन रोज हजारो डास खातो ही अमेरिकेतली लाडकी दंतकथा आहे. तो दिवसा आणि उंचावर किडे पकडतो, त्यामुळे त्याच्या आहारात डास नगण्य असतात. डास कमी करायचे असतील तर टायरमधलं पाणी ओता.

मुलांकडे अमेरिकेत जाणार असाल तर

सहा महिन्यांसाठी टेक्सास किंवा न्यू जर्सीला जाणाऱ्या आजी-आजोबांना हा पक्षी मनसोक्त बघता येईल. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडचे परपल मार्टिन आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या भोपळ्यांत आणि खोक्यांतच राहतात. भोपळे टांगायची ही रीत तिथल्या मूळ रहिवाशांची आहे. टेक्सासला पहिले पक्षी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पोचतात, न्यू जर्सीला एप्रिलमध्ये. आधी मोठे नर येतात आणि गेल्या वर्षीचीच जागा शोधतात.

मुलाला खांब उभारायचा असेल तर झाडांपासून चाळीस फूट लांब पण घराच्या नजरेत, बारा-पंधरा फूट उंच आणि बुंध्याला सापाला अडवणारा पत्रा, एवढं सांगा. भोकं अर्धचंद्राकृती असली तर तिथल्या उपऱ्या युरोपी मैना आत शिरू शकत नाहीत. तिथला कायदा १९१८ चा आहे आणि तोही कडकच. अंडी घातलेलं घरटं काढून टाकायचं नाही.

फोन कुणाला करायचा

महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची कार्यालयं आहेत. फोनवर गाव, जवळची खूण, पक्षी जखमी आहे की घरटं पाडलं जातंय, आणि काम चालू आहे का, हे पहिल्या मिनिटात सांगा. जखमी पक्षी तोपर्यंत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला सुती कापड घालून, अंधारात आणि शांत ठेवा. पिंजऱ्यात ठेवू नका, गजांवर आपटून भिंगरीचे पंख मोडतात.